मिटवायचं बटण नको

“ह्यात मिटवायचं बटण आहे,” नोरीन म्हणाली आणि डबा काउंटरवर परत ठेवला.

“सगळ्यांतच असतं.”

“मला नको. ज्यात नाही तो दाखव.”

स्पिरोने दुकानाच्या मागच्या फळीवरून गाडी तपासायचा दुसरा स्कॅनर काढला. हा फोनला जोडायचा. गाडीच्या पोटात काय बिघडलं त्याचा आकडा फोनवर उमटणार. आणि खाली, तो आकडा पुसून टाकायला, लाल रंगात: मिटवा.

“चुकून हात लागला तर? माझी बोटं बघ. नातीला फोन लावायला जाते नि गुरांच्या डॉक्टरला लागतो.”

“त्याला वाढदिवसाचं गाणं तू म्हटलंस होय! गावभर सांगत होता.”

ती हसली. थोडंसंच.

“काही मिटायला नको, स्पिरो.”

•   • •

क्लॅरी, तिचा नवरा, कुंपण बघायला गेला होता. गाडी कुंपणापाशी सापडली. तो अर्ध्या मैलावर, वाळक्या झाडाखाली, तहानेने गेलेला. पाण्याचा कॅन गाडीच्या हौद्यात. भरलेला.

गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. ह्या रखरखीत मुलखात हे पोरं चालायच्या आधी शिकतात. क्लॅरीने स्वतः शाळेत जाऊन शिकवलं होतं.

पोलीस सार्जंटने किल्ली फिरवली तर गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मग क्लॅरी उतरून का गेला, ह्याचं उत्तर गावाने मनातल्या मनात ठरवलं.

तेव्हापासून गाव तिच्याशी फार गोड बोलायला लागलं. पबमध्ये ती शिरली की आवाज खाली जायचे.

“सार्जंट पोचला तेव्हा पहाट होती,” नोरीन म्हणाली. “गार होतं. उन्हात बंद पडलेली गाडी गार झाली की सुरू होते. होतं ना असं?”

“होतं. कितीतरी वेळा.”

“आणि बंद पडली असेल तर आत आकडा राहतो.”

“राहतो.”

“तेवढा आकडा मला हवाय. एक असला तरी चालेल. म्हणजे तो मदत आणायला निघाला होता. उन्हाने डोकं फिरतं, पाणी विसरला असेल.”

आणि आकडा नसलाच तर, हे ती म्हणाली नाही. स्पिरोही म्हणाला नाही.

• • •   •

“गाडी कुठल्या सालची आहे?”

“पंच्याण्णवची. बाहेर आणलीय, ट्रेलरवर.”

“मग हे दोन्ही डबे राहू दे. त्यांचा प्लग तिला बसायचाच नाही. तिची भाषा दिव्याची. बॉनेटखाली वायरचा तुकडा अडकवला की स्टिअरिंगसमोरचा इंजिनाचा दिवा लुकलुकतो. तीनदा, मग थांबतो, मग एकदा. एकतीस. काहीच बिघाड नसेल तर नुसता एकसारखा, न थांबता. आपण फक्त मोजायचं.”

“आणि बटण?”

“बटणच नाही.”

“मग आधी का नाही बोललास, लबाडा? दोन डबे गळ्यात मारत होतास माझ्या.”

“धंदा आहे, बाई.”

वायरचा तुकडा घेऊन तो बाहेर आला. ती मागोमाग. ट्रेलरवर चढून त्याने बॉनेट उघडलं.

आणि हात तसाच राहिला.

बॅटरीची एक वायर सोडवून बाजूला वाकवलेली. तिच्या टोकावर लोकरीचा जुना मोजा, रबराने घट्ट बांधलेला.

“हे कुणी केलं?”

“कुणी म्हणजे? मी. उभी गाडी, काढलेली वायर. क्लॅरीचाच नियम, नाहीतर बॅटरी उतरते. गाडी घरी आणून सोडली नि सार्जंट फाटकाबाहेरही पडला नव्हता. रडायच्या आधी वायर काढली मी.”

स्पिरो मोज्याकडे बघत राहिला.

“का? चुकीची काढली?”

“नाही. बरोबर काढलीस.”

खोटा आकडा सांगता आला असता. पण मोजायचं कसं, ते त्यानेच तिला आत्ता शिकवलं होतं.

“नोरीन. ह्या जुन्या गाड्यांचं असं असतं… वायर सुटली की त्यांना काही आठवत नाही. आतलं जातं.”

“सगळं?”

“सगळं.”

ती बॉनेटची कडा धरून उभी राहिली. पत्रा भाजत होता. तिने हात काढला नाही.

“जोड,” ती म्हणाली.

“काही दिसणार नाही.”

“जोड म्हटलं ना.”

त्याने मोजा काढून तिच्या हातात दिला. तिने त्याची घडी केली, खिशात ठेवली. त्याने बॅटरी जोडली, वायरचा तुकडा अडकवला. ती गाडीत बसली. सीट अजून क्लॅरीच्या पायांइतकी मागे होती. तिचे पाय कशालाच पोचले नाहीत. तिने किल्ली अर्धी फिरवली.

दिवा लुकलुकायला लागला.

• • • • • • • • • • • •

एकसारखा. मध्ये थांबा नाही. मोजायला काही नाही.

“काय म्हणतो?”

स्पिरो खिडकीशी आला होता.

“सगळं ठीक आहे, म्हणतो.”

दिवा लुकलुकत राहिला. स्पिरोने किल्ली बंद करायला खिडकीतून हात आत घातला. तिने आपला तळवा किल्लीवर ठेवला.

“म्हणू दे,” ती म्हणाली. “अजून थोडा वेळ म्हणू दे.”