हंसांचं तळं

शहराबाहेरचा जुना राजवाडा दाखवायला नवऱ्यानं नव्या बायकोला हौसेनं आणलं, पण फाटकातच तिचा चेहरा उतरला. "आत गेल्यावर डावीकडे वळणाचा जिना आहे, तिला फार आवडायचा," तो म्हणाला. तिला म्हणजे त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोला. पुढे गुलाबांचे वाफे, मग हिरवळीवरचं वाकडं झाड. जावं तिथे ती आधीच येऊन उभी. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये हे कळत होतं, तरी हिचा जळफळाट थांबेना. आपल्या वाट्याला बागसुद्धा उष्टीच आली, असं तिला वाटलं.

"आता हंसांचं तळं बघ," म्हणत तो लगबगीनं राजवाड्यामागे गेला आणि थबकला. तिथे गाड्या उभ्या होत्या. तळं बुजवून बरीच वर्षं झाली, असं पहारेकरी म्हणाला.

"तिच्याबरोबर इतक्यांदा आलात, आणि एवढंही माहीत नाही?" शेवटी ती बोललीच.

"मी आज पहिल्यांदाच आलोय," तो गाड्यांकडे बघत म्हणाला. "हे सगळं तिनं लहानपणी पाहिलेलं. अंथरुणातून उठवेनासं झाल्यावर रोज सांगायची, आणि म्हणायची, बरी झाले की तुम्हाला नेते."