बारावी मुलगी

ईस्टर झाला की नऊ वर्षांची पिरोश्का सासरी जाणार होती, थेट पोलंडला. आणि तिची आई, हंगेरीची राणी, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात एक तर प्रार्थनेत, नाही तर महारोग्यांच्या सेवेत. लोक राणीला आत्ताच संत म्हणायला लागले होते, पोरीला मात्र आईचं तोंड दिसत नव्हतं. म्हणून तिनंही हट्ट धरला होता. पायाची नखं दाईला कापूच द्यायची नाही. "आई आली की कापेल," एवढंच म्हणायची.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, राणी बारा गरीब मुलींचे पाय धुवायची. मान वर करायची नाही, हा तिचा नेम.

"दाई, मला त्या रांगेत बसव."

"वेड लागलंय का गं? राजाची पोर भिकाऱ्यांत बसणार?"

"मग तूच सांग, आईजवळ कुठून जाऊ?"

 गुरुवारी दाईनं रांगेतल्या बाराव्या मुलीला पाव देऊन घरी धाडलं आणि तिचाच फाटका झगा पिरोश्काच्या अंगात घातला.

राणी गुडघ्यांवर सरकत शेवटी तिच्यापाशी आली. कोमट पाण्यानं तिनं ते चिमुकले पाय धुतले, पुसले, ओठांना लावले. पिरोश्का श्वास रोखून बसली होती. एवढ्यात राणीचा हात अंगठ्यापाशी थांबला.



"नखं केवढी वाढलीत गं बाळ," राणी खाली मानेनंच हळहळली, "आई नाही का तुला?"