लागर का स्टाउट?

"लागर म्हंजी पिवळी, आप्पा. स्टाउट म्हंजी काळी. म्हणा बरं."

"लागर, स्टाउट," महालिंगप्पा म्हणाले आणि कुणी ऐकत तर नाही ना, म्हणून दाराकडे बघून घेतलं.

येडशीतल्या त्यांच्या कापडदुकानाच्या मागल्या खोलीत, गठ्ठ्यांच्या आडोशाला, ही शिकवणी चालली होती. शिकवणारा गोरोबा कुंभार. लढाईभर तो सिकंदराबादच्या लष्करी मेसमध्ये गोऱ्यांना वाढायला होता. लढाई संपली आणि गोरोबा गावी परतला तो ताठ मान नि मूठभर इंग्रजी घेऊन. ती इंग्रजी तो उठता-बसता मिरवायचा.

"बर्फातली?"

"चिल्ड."

"पिंपातली?"

"ड्राफ्ट."

"आन गिलास संपला की काय म्हणायचं?"

"सेम अगेन."

"हां! ज्याला सेम अगेन कळतं, त्याला डोळं झाकून न्हाय म्हणायचं. पोरगी द्यायची न्हाय."

महालिंगप्पांनी उठून चूळ भरली. लिंगपूजा केल्याशिवाय अन्नाला न शिवणारा माणूस. प्रत्येक धड्यानंतर ते तोंड धुवायचे. पण धडा चुकवत नव्हते. त्याला कारण होतं थोरली लेक, शरणम्मा.

तिचं लग्न गुलबर्ग्याला ठरलं तेव्हाच कुणीतरी सांगितलं होतं, पोरगा बिअर घेतो. महालिंगप्पांनी व्याह्यांना विचारलं, तर ते खदखदून हसले. "अहो, ते साहेबलोकांचं सरबत. उन्हाळ्यात पोटाला थंड पडतं." बिअर म्हणजे काय, हे महालिंगप्पांना कुठं ठाऊक होतं? त्यांनी विश्वास ठेवला. वर्षभरात शरणम्मा माहेरी परत आली, ती पिऊन आलेल्या नवऱ्याच्या मारानं डावा कान फोडून घेऊन. आता तिला हाक मारायची तर उजव्या बाजूनं जावं लागे. तसं जाताना महालिंगप्पा दर वेळी स्वतःलाच शिव्या घालायचे.

"एका शब्दानं घात केला माझा," ते म्हणायचे.

आता धाकट्या जगदेवीला स्थळ आलं होतं. मुलगा शांतलिंग, सिकंदराबादच्या एका इंग्रजी कंपनीत हेडक्लार्क. कोट, टाय, गुळगुळीत दाढी. दिवसभर गोऱ्या साहेबाच्या शेजारी खुर्ची. निजामाच्या मुलखात उर्दूवर निभावणाऱ्या दुकानदाराच्या घरी असं स्थळ म्हणजे कपिलाषष्ठीचाच योग. पण ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की गुण लागायचाच. आणि विचारून खरं कोण सांगतो?

"पिणाऱ्याच्या कानावर ही नावं पडली की डोळं चमकत्यात, आप्पा," गोरोबानं सांगितलं होतं. "ते काय लपत न्हाय."

पाहुणे आले. गोरोबाला मुलाच्या डोळ्यांवर नजर ठेवायला आतल्या दारापाशी बसवलं. गावच्या शाळेतल्या अंबादास मास्तरांना मात्र मुद्दाम बोलावलं नाही. मास्तर मधेच आपली इंग्रजी फाडायला लागले, तर डाव उधळायचा.

जगदेवी शिऱ्याच्या बश्या ठेवून आत गेली. महालिंगप्पा खाकरले.

"पाव्हणं, लागर का स्टाउट?"

शांतलिंगनं मान तुकवली आणि गोड हसला. "जी."

"चिल्ड का ड्राफ्ट?"

"जी, तुम्ही म्हणाल तसं."

मुलाचे मामा चुळबुळले. महालिंगप्पांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळायला लागलं होतं. त्यांनी शेवटचं हत्यार काढलं.

"सेम अगेन?"

शांतलिंगनं शिऱ्याच्या बशीकडे पाहिलं, मग महालिंगप्पांकडे, आणि पुन्हा तसाच हसला. "जी."

दारातून गोरोबानं मान हलवली. नाही, डोळे चमकले नाहीत. महालिंगप्पांना भडभडून आलं. असाही माणूस असतो जगात! त्याच बैठकीत सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर ते शरणम्माच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

"पोरी, ह्या खेपेला तुझा बाप फसला न्हाय."

"खरंच का, आप्पा?" ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी रडली.

लग्न थाटात झालं. पाठवणीला अर्धं गाव येडशीच्या स्टेशनावर लोटलं. कुर्डुवाडीची गाडी उभी होती. जगदेवी खिडकीशी बसली होती. तिची शालू-भांड्यांची पेटी डब्याच्या दारात होती आणि शांतलिंग फलाटावर सगळ्यांचे नमस्कार घेत होता.

गार्ड मद्रासकडचा ख्रिस्ती. त्याला मराठी येत नव्हती, उर्दूही नाही. गर्दीत टाय दिसला म्हणून तो सरळ शांतलिंगसमोर येऊन उभा राहिला आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाला.

"जी," शांतलिंग हसला.

गार्डनं तेच पुन्हा म्हटलं, जरा जोरात.

"जी, जी."

तिसऱ्यांदा गार्ड ओरडला. मग कपाळाला आठ्या घालून मागच्या डब्याकडे निघून गेला. शिट्टी झाली. शांतलिंग पेटीवरून ढांग टाकून आत शिरला. गाडी हलली. जगदेवी हसत हात हलवत होती, आणि शरणम्मा दोन पावलं गाडीबरोबर चालली.

शेवटचा डबा रामलिंगाच्या देवळाकडच्या वळणाआड गेला, तेव्हा महालिंगप्पांनी डोळे पुसले आणि गोरोबाच्या पाठीत थाप मारली.

"बघितलंस व्हय? गार्डानंबी तीन-तीनदा घोळून इचारलं. पर माझ्या जावयाला एक शबुद कळला असंल तर शपथ!"

गोरोबा हसला नाही.

"आप्पा," तो म्हणाला, "गार्डसायबानं बिअर न्हाय इचारली. साध्या इंग्रजीत पेटी दारातनं बाजूला घ्या म्हणला."