धाकलीची हजेरी

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट एवढीशीच आहे, पण मनात घर करील.

पहिलीच्या बाईंचा जीव त्या सकाळी थाऱ्यावर नव्हता. देशभर नवं धोरण लागू झालं होतं: हजेरी बाईंनी घ्यायची नाही, फळ्याशेजारच्या यंत्राने चेहरे बघून घ्यायची. वर्गात दोघी जुळ्या बहिणी. कोणीही समोर उभी राहिली तरी यंत्र थोरलीचंच नाव घेई. धाकली रोज येऊनही रोज गैरहजर. महिनाभर न आलेल्या मुलाचं नाव पटावरून आपोआप गळायचं होतं, आणि महिना आज भरत होता.

देवाने एकाच साच्यातून दोन मूर्ती काढल्या. पुढे असं यंत्र येणार हे त्या बापड्याला काय ठाऊक. बाईंचा मात्र कधी घोटाळा झाला नाही. थोरली आधी बोलते, धाकली आधी हसते. हे वरच्या कचेरीला सांगून बाईंचा घसा सुकला. तिथून एकच उत्तर, यंत्र चुकत नाही. मुख्याध्यापकांनीही हात वर केले. शेवटी काल बाईंनीच मुलींच्या आईला युक्ती सुचवली: धाकलीचे केस अगदी बारीक कापा, मग तरी मेल्याला फरक कळेल.

घंटा व्हायला आली. बाई खिडकीतून दारात, दारातून खिडकीत.

दोघी आल्या. दोघींचेही केस कानांच्या वर गेलेले. धाकलीचे नीट, थोरलीचे उंदराने कुरतडल्यासारखे.

बाई मटकन बाकावर बसल्या. “अगं, हे काय केलंस?”

“ती आरशात बघून रडत होती,” थोरली म्हणाली. “मग मीपण कापले. आता नाही रडत.”

धाकली हसली.

बाई उठल्या. त्यांनी धाकलीला धरून यंत्रापुढे उभं केलं. यंत्राने गोड आवाजात थोरलीचं नाव घेतलं. घंटा झाली आणि यंत्राची हजेरी बंद झाली.

बाई उठल्या. फळा पुसायचं फडकं बाईंनी यंत्राच्या डोळ्यावर टाकलं आणि वर्गाकडे वळून पहिल्यापासून एकेक नाव तोंडाने घेऊ लागल्या. धाकलीचं नाव आलं तेव्हा तिच्याबरोबर सगळा वर्ग “हजर” म्हणाला.

पटावर ते नाव आता नाही. तेव्हा मायबापहो, उठण्याआधी एवढं करा. धाकलीला ध्यानात ठेवा.