शेवटचा गुरुवार

"नो, नो. टुडे फास्ट," उर्मिलाबाईंनी हसत हात जोडले आणि शेजारच्या इंगरचा चेहरा पडला. तिच्या हातातल्या बशीत घरी भाजलेली लोण्याची बिस्किटं होती. "जस्ट वन," म्हणत तिने बशी पुन्हा पुढे केली. आतून तिच्या नवऱ्याचा खोकला ऐकू येत होता. त्याचीच चौकशी करायला उर्मिलाबाई गेल्या होत्या, पण खाणार कशा? नाताळाचा दुसरा दिवस असेल इंगरचा, त्यांचा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. सुनेला, मेधाला, दोनदा दिवस गेले आणि दोन्हीदा हाती काही लागलं नाही. यंदा सातवा महिना लागला होता, तो नीट पार पडावा म्हणूनच हे लक्ष्मीचं व्रत होतं. इंगरने बशी दाराबाहेरच्या टेबलावर ठेवली, वर रुमाल झाकला आणि आत गेली.

संध्याकाळी सहाला अँब्युलन्स आली आणि म्हाताऱ्याला घेऊन गेली. इंगरही त्याच्यासोबत गेली.

"आई, सकाळी तुम्ही तिच्याकडे काहीच नाही खाल्लंत?" मेधाने विचारलं.

"उपास नाही का माझा?"

"मला सांगत होती मागे. त्यांच्या डेन्मार्कात म्हणे नाताळात आलेला माणूस तोंडात काही न घालता गेला, तर घरातला सणच बाहेर घेऊन जातो."

उर्मिलाबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या घराकडे पाहिलं. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांच्या दारातून कुणी हातावर साखरसुद्धा न घेता गेलं नव्हतं. आणि आज त्या स्वतःच दुसऱ्याच्या दारातून तशा परतल्या होत्या.

"मनाला लावून घेऊ नका हो," मेधा म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांच्या समजुती असतात. हेल्थचा काय संबंध?"

"आणि माझा उपास गं?"

मेधाचा हात पोटावर गेला.

सूर्य मावळला की पूजा, कहाणी आणि मग घास. पण न्यूझीलंडच्या या हॉर्नबीतला डिसेंबरचा, ऐन उन्हाळ्यातला सूर्य नऊ वाजले तरी हलायचं नाव घेत नाही, आणि आता कुठे पावणेसात होत होते. नऊपर्यंत म्हाताऱ्याचं काय होईल, कोण सांगणार? उर्मिलाबाईंनी पायात जँडल्स, इथल्या रबरी चपला, सरकवल्या.

इंगरचं घर बंद होतं. बशी मात्र टेबलावर तशीच होती, रुमालासकट. त्यांनी एक बिस्कीट उचललं. देवीची क्षमा मागावी म्हणून ओठ हलले, पण शब्द सुचेनात. डोळे मिटून त्यांनी ते तोंडात घातलं.

कोरडा घास गिळून त्यांनी डोळे उघडले. कुंपणापलीकडे, त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीत, मेधा उभी होती. तिने दोन्ही हातांनी पोट घट्ट धरलं होतं.