निळ्या चौकडीची चिंधी

दमट हवेत वेलगुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडतात, पण आमचा वेल भलताच चिवट. नवा फुटवा दिसला की मी जुन्या कपड्याची चिंधी फाडून तो जाळीला बांधते.

या आठवड्यात मात्र फुटवे माझ्याआधीच बांधलेले दिसू लागले.

"अहो, माझ्या वेलाला हात लावू नका," मी नवऱ्यावर डाफरले.

"मी? मला वाटलं, तूच बांधतेस."

आज दुपारची चिंधी निळ्या चौकडीची होती, नुकतीच फाडलेली. तसा शर्ट घरात एकच.

मी धावत आत गेले. तो शर्ट घालून ते पेपर वाचत होते.

"जरा पाठ दाखवा."

पाठीवरची हातभर पट्टी गायब होती.

ते वळले, आणि माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, तुझी बाही कुणी फाडली?"