उरलेलं झाड

वणव्यानंतर एव्हिया बेटावरच्या आमच्या गावात पाइनचं एकच झाड शाबूत राहिलं, पोलिक्सेनीकाकूंच्या अंगणातलं. यंदा त्याच्या खोडावर रस शोषणाऱ्या किड्यांचा पांढरा कापूस दिसला आणि काकूंचा संशय थेट शेजारच्या लाम्ब्रोसवर गेला, कारण त्याच्या मधमाश्या याच किड्यांच्या गोड चिकट्यापासून मध करत. काकू पाळतीवर राहिल्या आणि एका सकाळी त्यांनी त्याला झाडावर किड्यांनी भरलेली डहाळी बांधताना पकडलंच.

"मेल्या, माझं झाड मारायला निघालास?"

"काकू, सगळं जंगल जळलं. ते पुन्हा उगवेपर्यंत या किड्यांना ठेवू तरी कुठे?"

काकूंनी एकेक फांदी चाचपून पाहिली.



"त्या फांदीला नको रे, ती वाळत आलीय. ही जाड आहे, हिला बांध."